राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा: मोजलेला किती, अंदाजलेला किती?

मोजपट्टी

२०२४-२५ च्या तात्पुरत्या अंदाजात चालू किमतींनुसार (त्याच वर्षाच्या भावांनी) जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांचे बाजारभावाने मूल्य, ३३०.६८ लाख कोटी रुपये आहे आणि जीव्हीए, म्हणजे सगळ्या क्षेत्रांनी मिळून घातलेली मूल्याची भर, ३००.२२ लाख कोटी. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मधले साडेतीस लाख कोटी म्हणजे वस्तू-सेवांवरचे कर वजा त्यांवरची अनुदाने. बातमीत मात्र कधी एक उचलतात, कधी दुसरा, आणि वाचणाऱ्याला वाटते की सरकारने आकडा फिरवला.

२०२३-२४ ची तिसरी तिमाही आठवा. पहिल्या घोषणेत जीडीपीची वाढ ८.४ टक्के होती, जीव्हीएची ६.५. शेतात, कारखान्यात, दुकानात जे घडले ते साडेसहाचे. वरची जवळजवळ दोन टक्के वाढ निव्वळ करांच्या उडीतून आली, आणि त्या उडीत अनुदाने घटल्याचा मोठा हात होता. अनुदान कमी दिले म्हणून देशात जास्त माल तयार होत नाही, पण जीडीपीचा वाढदर वर जातो. म्हणून उत्पादन कसे चालले आहे हे बघायचे असेल तर आधी जीव्हीए बघावा, असे माझे मत.

पुढची शिडी थोडक्यात. जीडीपीत परदेशातून आलेले व्याज, नफा, लाभांश आणि पगार मिळवायचे, तिकडे गेलेले वजा करायचे, की जीएनआय. आपल्या देशात ही बेरीज-वजाबाकी उणे येते, म्हणून आपला जीएनआय जीडीपीपेक्षा थोडा कमी असतो. त्यातून घसारा (यंत्रे-इमारतींची झीज) काढला की एनएनआय, म्हणजे काटेकोर अर्थाने राष्ट्रीय उत्पन्न. 'दरडोई उत्पन्न' म्हणून जो आकडा छापतात तो एनएनआयला लोकसंख्येने भागून आलेला असतो, जीडीपीला भागून नव्हे.

एकाच वर्षाचा आकडा अनेकदा येतो हेही लक्षात ठेवा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिला आगाऊ अंदाज, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर तात्पुरता, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षे सुधारित अंदाज. जानेवारीत आकडा येतो तेव्हा वर्षाचे तीन महिने उरलेले असतात. अर्थसंकल्प मात्र त्याच्याच पायावर उभा राहतो.

या धाग्यात आकडा बरोबर की चूक यावर मते नकोत. ज्याला ज्या क्षेत्राची मोजणी माहीत आहे त्याने ती पायरीपायरीने लिहावी: कुठे प्रत्यक्ष मोजतात, कुठे गुणक लावतात, आणि चूक कुठून शिरते. पुढचे आकडे वेगळे सांगितले नसतील तर २०११-१२ आधारवर्षाच्या (ज्या वर्षाचे भाव स्थिर धरून तुलना करतात त्या वर्षाच्या) मालिकेतले समजावेत.

बांधकाठ

शेतीपासून सुरुवात करतो, कारण या क्षेत्रात अजूनही माणूस दोरी आणि तराजू घेऊन मोजायला जातो.

उत्पादन म्हणजे क्षेत्र गुणिले उत्पादकता. उत्पादकता पीक कापणी प्रयोगातून येते. गावे चिठ्ठीपद्धतीने निवडतात, गावात त्या पिकाचे शेत तसेच निवडतात, आणि शेतात कुठे कापायचे तेही यादृच्छिक अंकांनीच ठरते. शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून लांबीला इतकी पावले, रुंदीला इतकी पावले, तिथे पहिली खुंटी. चांगले पीक दिसले म्हणून खुंटी दोन हात सरकवली की सगळा प्रयोग वाया गेला.

प्लॉट पिकानुसार ५ मी. × ५ मी. किंवा १० मी. × ५ मी. असतो. चार खुंट्या ठोकल्या की कर्ण मोजायचा: ५×५ ला ७.०७ मीटर, १०×५ ला ११.१८ मीटर. कर्ण जुळला नाही तर चौकोन तिरका झालेला असतो. दोरी ताणून जमिनीलगत बांधायची. दोरीवर आलेल्या रोपाचे मूळ कुठे आहे ते पाहायचे. कणीस आत झुकले म्हणून ते रोप आतले होत नाही. मग कापणी, मळणी, उफणणी, वजन. दाणा ओला असेल तर नमुना वाळवून पुन्हा वजन घेऊन घट काढायची.

५×५ म्हणजे २५ चौरस मीटर, हेक्टरचा चारशेवा भाग. ४.६ किलो सोयाबीन निघाले तर हेक्टरी १८४० किलो, म्हणजे एकरी साडेसात क्विंटलच्या आसपास. तराजूवर १०० ग्रॅमची चूक झाली की हेक्टरी ४० किलोंचा फरक पडतो.

प्लॉट एवढा मोठा का, हे समजून घेण्यासारखे आहे. समजा दोरी ढिली राहून चारही बाजूंनी ५ सेंटीमीटरची पट्टी जास्त कापली गेली. १×१ मीटरच्या प्लॉटचे १.१×१.१ झाले, म्हणजे २१ टक्के जास्त पीक. ५×५ चे ५.१×५.१ झाले, म्हणजे ४ टक्के. काठावरचे रोप आत धरायचा मोह प्रत्येक मोजणाऱ्याला होतो, त्यामुळे ही चूक एकाच दिशेने जाते आणि हजार प्रयोग केले तरी सरासरीत विरत नाही. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला. लहान प्लॉट पुरतात असे मानणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी त्यांचा वाद झाला, आणि सरकारी पद्धतीत शेवटी मोठा प्लॉट रुजला.

क्षेत्राची बाजू जास्त कच्ची आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटोसह नोंद करतो आणि तलाठी त्यातल्या काही नोंदी तपासतो. पूर्वी चावडीत बसून मागच्या हंगामाचेच पीक पुढे ओढले जाण्याचा धोका असे, तो यातून कमी झाला. पण सोयाबीनमधल्या तुरीच्या ओळी, उसातला हरभरा, बांधावरची झाडे यांचे क्षेत्र किती धरायचे हा प्रश्न तसाच आहे. नेटवर्क नाही म्हणून राहिलेली नोंद 'पड' समजली गेली तर क्षेत्र खरोखरच कमी दिसते.

यानंतर किंमत. हमीभाव लावत नाहीत. आवक भरात असते त्या काळातला पहिल्या विक्रीचा भाव धरतात. कडबा, भुसा यांचेही मूल्य धरतात. मग बियाणे, खते, औषधे, डिझेल, वीज, पशुखाद्य वजा केले की शेतीचा जीव्हीए. घरी खायला ठेवलेले धान्य आणि घरी प्यायलेले दूध यात मोजलेले असते. शेणखत आणि गोवऱ्यासुद्धा पशुधनाच्या उत्पादनात येतात.

पाटीपेन्सिल

बांधकाठ, फार उपयोगी प्रतिसाद. दोन प्रश्न विचारते. 'लाडकी बहीण'चे दरमहा १५०० रुपये राष्ट्रीय उत्पन्नात धरतात का? आणि जुनी मोटरसायकल विकली तर?

मोजपट्टी

@पाटीपेन्सिल, पंधराशे रुपये धरत नाहीत. ते हस्तांतरण आहे. त्या बदल्यात त्या वर्षी कुठली वस्तू किंवा सेवा तयार झाली नाही. वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, पीकविम्याची भरपाई हेही तसेच. त्या पैशातून साडी घेतली की साडीचे उत्पादन आणि दुकानदाराचा नफा मोजला जातो. म्हणजे हस्तांतरणाचा परिणाम खर्चातून दिसतो, रक्कम स्वतः बेरजेत येत नाही.

जुन्या मोटरसायकलची किंमत ती नवी होती त्या वर्षी मोजून झाली. आता फक्त दलालाचे कमिशन आणि नोंदणी करून देणाऱ्याची फी धरायची. शेअरच्या खरेदी-विक्रीतही तेच: दलाली धरायची, भाव वाढल्याचा नफा नाही.

आणखी एक. आखातातून किंवा अमेरिकेतून घरी येणारा पैसा वर्षाला १०० अब्ज डॉलरपेक्षा जास्त आहे, पण तो जीडीपीत नाही आणि त्यातला बहुतेक जीएनआयमध्येही नाही. तो त्यापुढच्या पायरीवर, राष्ट्रीय व्यययोग्य उत्पन्नात येतो. ज्या गावाचा संसार मनीऑर्डरवर चालतो त्याची ऐपत जीडीपीवरून कळणार नाही.

चुलीपुढे

धान्य घरी खाल्ले तरी मोजतात, मग तेच धान्य निवडून, दळून, भाकरी करून वाढणारी बाई का मोजत नाहीत? नियम असा: घरासाठी केलेली वस्तू उत्पादनाच्या सीमेच्या आत, घरासाठी केलेली सेवा सीमेबाहेर. अपवाद दोनच. पगारी घरकामगार, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे मानीव भाडे. स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस स्वतःलाच भाडे देतो असे धरून ती रक्कम जीडीपीत येते. त्याच फ्लॅटमधला स्वयंपाक येत नाही.

हा भाग केवढा मोठा आहे? २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तीच कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे मिनिटे मोजायची सोय आता झाली आहे. अडते ते त्या मिनिटाला भाव कुठला लावायचा इथे. स्वयंपाकणीचा दर लावला तर एक आकडा येतो. त्या बाईने बाहेर नोकरी केली असती तर मिळणारा पगार लावला तर दुसरा, आणि तो बाईच्या शिक्षणाप्रमाणे बदलतो, भाकरी तीच असली तरी.

माझे म्हणणे, मुख्य आकड्यात हे मिसळू नये, कारण मग बेरोजगारी, महागाई, कर यांच्याशी त्याचा मेळ तुटेल. पण दरवर्षी शेजारी जोडखाते छापावे. नाहीतर अंगणवाडीची वेळ वाढली आणि बाई कामावर गेली की जीडीपीत नवे उत्पन्न पूर्ण दिसते, आणि घरातले जे काम सुटले किंवा आजीवर पडले ते कुठल्याच खात्यात दिसत नाही.

ताळेबंद

कंपन्या आणि असंघटित क्षेत्र यांबद्दल लिहितो. २०१५ पासूनचा बहुतेक वाद याच दोन ठिकाणी आहे.

जानेवारी २०१५ मध्ये आधारवर्ष २००४-०५ वरून २०११-१२ वर आले. त्याच वेळी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए-२१ या माहितीसाठ्यातले ताळेबंद वापरायला सुरुवात झाली. २०१३-१४ चा वाढदर जुन्या मालिकेत ४.७ टक्के होता, तो नव्यात ६.९ झाला.

ताळेबंदावरून जीव्हीए काढणे स्वतःत अवघड नाही. विक्री आणि इतर उत्पन्न घ्या, साठ्यातला बदल मिळवा, कच्चा माल, वीज, वाहतूक, बाहेरून घेतलेल्या सेवा वजा करा. किंवा उलट बाजूने पगार, घसारा, व्याज, नफा यांची बेरीज करा. दोन्ही जुळले पाहिजेत.

अडचण वेळेवर ताळेबंद न भरणाऱ्या कंपन्यांची. समजा भरणाऱ्या कंपन्यांचे भरणा झालेले भांडवल एकूण भांडवलाच्या ८५ टक्के आहे. मग त्यांच्या जीव्हीएला १०० भागिले ८५, म्हणजे १.१७६ ने गुणतात. यात गृहीतक असे की न भरणारी कंपनी भांडवलाच्या प्रत्येक रुपयामागे भरणाऱ्या कंपनीइतकेच उत्पादन करते. कागदावर भांडवल आणि प्रत्यक्षात कुलूप अशी कंपनी असेल तर हा गुणक हवेतून उत्पन्न तयार करतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७४ व्या फेरीत सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांकडे माणसे प्रत्यक्ष गेली, तेव्हा सुमारे ३६ टक्के कंपन्या सापडल्या नाहीत, बंद होत्या किंवा चुकीच्या गटात नोंदलेल्या होत्या. चुकीच्या गटात असल्याने एकूण बेरीज बिघडत नाही, क्षेत्रनिहाय आकडे बिघडतात. मुळात नसल्याने दोन्ही बिघडतात. हा भेद न करता 'एक तृतीयांश जीडीपी खोटा' असे लिहिणे साफ चूक आहे.

अधिक खोल अडचण असंघटित क्षेत्राची आहे. शिलाईकाम, गिरणी, टपरी, छोटे गॅरेज, यांना ताळेबंद नाही. २०११-१२ साठी सर्वेक्षणातून एका कामगारामागचे मूल्यवर्धन काढले आणि कामगारसंख्येने गुणले. मालक, पगारी कामगार, घरचा मदतनीस यांना वेगवेगळे वजन दिले. इथवर ठीक. पुढच्या वर्षांसाठी दरवर्षी असे सर्वेक्षण नव्हते, म्हणून हा पायाभूत आकडा इतर निर्देशकांच्या वाढीने पुढे सरकवला, आणि त्यातले बरेच निर्देशक संघटित क्षेत्राचे किंवा करवसुलीचे होते.

दोन्ही क्षेत्रे बरोबरीने चालत असतील तोवर हे खपते. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि जुलै २०१७ चा जीएसटी यांनंतर रोखीवर चालणाऱ्या छोट्या धंद्यांचे गिऱ्हाईक मोठ्यांकडे सरकले. छोटा खाली आणि मोठा वर. अशा वेळी मोठ्याची वाढ छोट्याला लावली की घट मोजायच्या जागी वाढ मोजली जाते. माजी मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी २०१९ मध्ये २०११-१२ ते २०१६-१७ या काळातली वाढ दरवर्षी सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त दाखवली गेली असे मांडले. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने ते खोडून काढले. त्यांच्या अडीच टक्क्यांशी मी सहमत नाही, कारण वीज, सिमेंट, वाहने अशा निर्देशकांवरून मागे जाऊन काढलेल्या त्या आकड्यात सेवा आणि उत्पादकता यांना पुरेशी जागा नाही. पण उलट्या दिशेने जाणाऱ्या दोन गोष्टींना एकच दर लावला होता, ही तक्रार पक्की आहे.

आता सुधारणा झाली आहे. असंघटित उद्योगांचे सर्वेक्षण आता दरवर्षी होते. २०२३-२४ मध्ये ७.३४ कोटी आस्थापना आणि १२.०६ कोटी कामगार मोजले गेले. सरासरी एका आस्थापनेत दोनपेक्षा कमी माणसे! एवढ्या बारीक तुकड्यांना निर्देशकाने ढकलणे किती धोक्याचे होते, ते यावरून कळावे. पुढचे आधारवर्ष म्हणून २०२२-२३ निवडताना हीच वार्षिक सर्वेक्षणे थेट वापरायचे ठरले, त्याचे मी मनापासून स्वागत करतो.

रोखठोक

> उत्पादन कसे चालले आहे हे बघायचे असेल तर आधी जीव्हीए बघावा

मान्य, पण जीव्हीए कुठल्या किमतींचा? जीडीपीचेच बघा: २०२५-२६ च्या दुसऱ्या तिमाहीत स्थिर किमतींनी (आधारवर्षाच्या भावांनी) त्याची वाढ ८.२ टक्के आणि चालू किमतींनी ८.७ टक्के आली. म्हणजे देशातल्या सगळ्या वस्तू-सेवांच्या किमती वर्षभरात अर्धा टक्काच वाढल्या. शाळेची फी किंवा दवाखान्याचे बिल भरणाऱ्याला हे पटणार नाही, आणि त्याचे न पटणे रास्त आहे.

कारण डिफ्लेटर, म्हणजे चालू किमतींच्या आकड्यातून भाववाढ काढायला ज्या किंमत निर्देशांकाने भागतात तो. एका भांड्यांच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी १०० रुपयांचा माल, ६० रुपयांचा पत्रा आणि इंधन, जीव्हीए ४०. दुसऱ्या वर्षी नग तेवढेच, पत्राही तेवढाच. पत्र्याचा भाव २० टक्के उतरला, भांड्यांचा ५ टक्के. आता माल ९५ चा, पत्रा ४८ चा, चालू किमतींनी जीव्हीए ४७.

खरी वाढ किती? शून्य. एक भांडेही जास्त झाले नाही. मालाला मालाच्या भावाने आणि पत्र्याला पत्र्याच्या भावाने भागले तर १०० वजा ६०, पुन्हा ४०. याला दुहेरी डिफ्लेशन म्हणतात. आपल्याकडे कारखानदारीत मात्र जीव्हीएलाच एका किंमत निर्देशांकाने भागत आले. ४७ भागिले ०.९५ म्हणजे ४९.५, वाढ जवळजवळ २४ टक्के! नफ्याचा गाळा वाढला तो उत्पादन म्हणून मोजला गेला. घाऊक निर्देशांक उणे असतो तेव्हा, उदाहरणार्थ कच्चे तेल कोसळले त्या २०१५-१६ च्या काळात, हा परिणाम सर्वांत जास्त.

हे दोन्ही बाजूंनी कापते. पत्रा २० टक्क्यांनी महागला आणि भांडी ५ टक्क्यांनी, तर ७२ चा पत्रा, १०५ चा माल, जीव्हीए ३३, आणि त्याला १.०५ ने भागून ३१.४. उत्पादन तेवढेच असूनही २१ टक्के घट. म्हणजे पद्धत सरकारच्या बाजूने झुकलेली नाही, ती कच्च्या मालाच्या भावाबरोबर हेलकावे खाते.

सेवांसाठी अडचण वेगळी. आपल्याकडे सेवांच्या उत्पादक किमतींचा निर्देशांक नाही, म्हणून घाऊक किंवा ग्राहक निर्देशांक लावावा लागतो. घाऊक निर्देशांकात सेवा मुळीच नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात नाणेनिधीने आपल्या राष्ट्रीय लेख्यांना 'सी' श्रेणी दिली, तेव्हा जुने आधारवर्ष, घाऊक निर्देशांकावर विसंबणे, एकेरी डिफ्लेशन, आणि उत्पादन व खर्च या दोन बाजूंमधली तफावत, हेच मुद्दे होते. शेवटच्या मुद्द्यासाठी तक्त्यात 'तफावत' नावाची ओळच असते. ती शून्याजवळ असेल तर खर्चाच्या बाजूवर विश्वास ठेवा. मोठी असेल तर त्या तिमाहीत 'खाजगी उपभोग वाढला, गुंतवणूक वाढली' असली वाक्ये लिहू नका.

मांडवीकाठ

राज्यांचे आकडे. गोवा दरडोई उत्पन्नात कायम वरच्या रांगेत असतो आणि त्यावरून बरेच चुकीचे निष्कर्ष निघतात.

राज्याचे उत्पन्न म्हणजे राज्याच्या हद्दीत *निर्माण झालेले*, तिथल्या रहिवाशांना *मिळालेले* नव्हे. देशासाठी जीडीपीवरून जीएनआयला जाता येते कारण सीमेवर परकीय चलनाची नोंद होते. राज्याच्या सीमेवर अशी नोंद नाही. वेर्ण्याच्या वसाहतीतल्या औषध कारखान्याचा नफा बाहेरच्या भागधारकांकडे गेला तरी तो गोव्याच्या उत्पन्नात. उलट बोटीवर किंवा आखातात काम करणाऱ्याने सासष्टीत घरी पाठवलेला पैसा त्यात नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा राज्याचे उत्पन्न आकड्यात लगेच घसरले. कुटुंबांना कशाने तारले ते त्या आकड्यात दिसत नाही.

रेल्वे, बँका, दूरसंचार, केंद्र सरकार यांचे उत्पन्न मुळात देशपातळीवर काढून मग ठेवी-कर्जे, कर्मचारी, वाहतूक अशा निर्देशकांनी राज्यांना वाटतात. कंपन्यांचा ताळेबंद तर सगळ्या देशाचा एकच असतो. नोंदणी मुंबईत आणि कारखाना दुसऱ्या राज्यात असेल तर वाटणी निर्देशकावरच. जिल्हा उत्पन्नात हाच प्रकार आणखी पातळ होतो. गडचिरोलीच्या आणि मुंबईच्या जिल्हा उत्पन्नाची तुलना करताना दशांश चिन्हापुढचे आकडे सरळ सोडून द्यावेत.

तरी याच आकड्यावर पैसा वाटला जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात 'उत्पन्नातील अंतर' या निकषाला ४५ टक्के वजन होते: दरडोई राज्य उत्पन्न जितके जास्त तितका वाटा कमी. महाराष्ट्राला केंद्रीय करांतल्या राज्यांच्या हिश्शातले ६.३१७ टक्के आले, गोव्याला ०.३८६ टक्के. राज्याची कर्ज काढायची मर्यादाही राज्य उत्पन्नाच्या टक्क्यांत असते. म्हणजे आकडा फुगला तर कर्जाला वाव जास्त, पण केंद्राकडून वाटा कमी.

ताळेबंद

मांडवीकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून. केंद्रात आकड्याचा पहिला उपयोग छेद म्हणून होतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी आणि जीडीपी ३५६.९८ लाख कोटी धरला, म्हणून ४.४ टक्के. छेद एक टक्क्याने चुकला तर तूट साधारण ०.०४ टक्के अंकांनी हलते, म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही. खरी अडचण वाढदराची. कराचा अंदाज चालू किमतींच्या वाढीवर बांधतात. १०.१ टक्के धरून ती ८.७ वर आली की स्थिर किमतींचा वाढदर कितीही दिमाखदार असला तरी तिजोरीत पैसा कमी पडतो. कर रुपयांत येतो, स्थिर किमतींत नाही.

सरकारी सेवांचेही लिहून टाकतो. तहसील कार्यालयाच्या कामाला बाजारभाव नाही, म्हणून ते खर्चावरून, मुख्यतः पगारावरून मोजतात. सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा चालू किमतींनी सार्वजनिक प्रशासनाचे 'उत्पादन' वाढले. दाखला तितक्याच दिवसांत मिळत असेल तरी.

चुलीपुढे

आणि वजाबाकी? टँकरची प्रत्येक फेरी उत्पन्नात मिळवली जाते. डिझेल सोडून राहिलेले सगळे मूल्यवर्धन. ज्या बोअरमधून तो भरला तिथले भूजल दहा फूट खाली गेले, त्याचा घसारा कुठेही नाही, कारण घसारा यंत्र-इमारतींचाच धरतात. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या नव्या लेखापद्धतीत नैसर्गिक साधनांची झीज उत्पादनखर्च म्हणून धरायची आहे. तसे झाले की निव्वळ आकड्यात फरक पडेल, जीडीपीत नाही. म्हणून एनएनआयकडे लक्ष वळवायला हवे, असे मला फार तळमळीने वाटते.

जुनीपाने

मोजपट्टी यांच्या मूळ प्रश्नाला जुना संदर्भ आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी दरडोई २० रुपये काढले ते प्रांतवार पिके गुणिले भाव या मार्गाने. सेवांना त्यात जवळपास स्थान नव्हते. १९३१-३२ साठी व्ही. के. आर. व्ही. राव यांनी शेती-उद्योगाला उत्पादनाची पद्धत आणि सेवांना उत्पन्नाची पद्धत अशी जोड दिली. आजही आपण मूलतः तेच करतो. ऑगस्ट १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली: महालनोबिस अध्यक्ष, राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य. स्वतःचे खाऊन उरलेले विकणारा शेतकरी, हिशेब न ठेवणारा कारागीर, एकाच माणसाचे शेती-मजुरी-विणकाम असे तीन धंदे, या अडचणी तेव्हापासून नोंदलेल्या आहेत. ७.३४ कोटी आस्थापनांचा प्रश्न म्हणजे त्याच कारागिराचा आजचा पत्ता.

दरडोई आकड्याविषयी एक सूचना. छेदातली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे नेलेली आहे आणि पुढची गणना २०२७ ची. तोवर प्रत्येक 'दरडोई' आकड्यात अंदाजाला अंदाजाने भागलेले आहे. राज्यांत स्थलांतरामुळे ही चूक मोठी होते. पुणे-ठाणे पट्ट्यात तर नक्कीच.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. शेवटचा, कामाचा प्रश्न. विद्यार्थ्यांसाठी १९९३-९४ पासूनचा एकच तक्ता करायचा आहे. वेगवेगळ्या आधारवर्षांचे आकडे जोडायचे कसे?

रोखठोक

सर्वांत साधा मार्ग सांधा-गुणकाचा. दोन्ही मालिकांत असलेले वर्ष घ्या. २०११-१२ चा नव्या मालिकेतला आकडा भागिले जुन्या मालिकेतला आकडा, हा गुणक. जुन्या मालिकेची सगळी मागची वर्षे त्याने गुणा. मग १९९९-२००० आणि २००४-०५ च्या सांध्यांवर हेच पुन्हा. जुने वाढदर जसेच्या तसे राहतात, पातळी तेवढी बदलते.

तीन ठिकाणी घसरायला होते. २०१५ च्या आधीचा 'जीडीपी' बातम्यांत घटक किमतींचा (अप्रत्यक्ष कर वगळून, अनुदाने मिळवून) असे, आताचा बाजारभावांचा. सांधण्याआधी दोन्हीकडे एकच संकल्पना आहे ना ते बघा. क्षेत्रे वेगवेगळी सांधली तर त्यांची बेरीज सांधलेल्या एकूण आकड्याशी जुळणार नाही. जबरदस्तीने जुळवू नका. आणि गुणक चालू व स्थिर किमतींसाठी वेगळा काढा.

सांधणी निरुपद्रवी नसते हे विद्यार्थ्यांना २०१८ वरून दाखवता येईल. त्या वर्षी २०११-१२ च्या मालिकेची मागची वर्षे दोनदा तयार झाली. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या समितीच्या ऑगस्टमधल्या अहवालात २०१०-११ चा वाढदर १०.७८ टक्के आला, केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नोव्हेंबरमधल्या मालिकेत ८.५. वर्ष तेच होते, देश तोच होता, फक्त मागे जायची वाट वेगळी. म्हणून तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे चार रकाने ठेवाच: आधारवर्ष, संकल्पना, अंदाजाची पायरी (आगाऊ, तात्पुरता की सुधारित), आणि आकडा घेतल्याची तारीख. २०१०-११ च्या ओळीत दोन्ही आकडे लिहा.